दोन बाबा, चार टायर

"बाबांनी मागच्या हाउसिंगचं ऑइल बदललं," लेक फोनवर म्हणाली.

"मी कधी बदललं?" मी विचारलं.

"तू नाही रे. बाबांनी."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माझ्याबद्दल बोलताना ती 'बाबाने' म्हणते. 'बाबांनी' म्हणजे तिचे सासरे. लग्नाला दोन वर्षं होत आली तरी माझ्या कानाला ही सवय लागलेली नव्हती. लहानपणापासून ती मला अरे-तुरे करते. तिची आई पुष्कळ ओरडायची, चारचौघांत बरं दिसत नाही म्हणायची, पण मला ते आवडायचं, म्हणून मी कधी बदलू दिलं नाही. अंबरनाथला सासरी गेल्यावर तिने सासऱ्यांनाही बाबाच म्हणायला सुरुवात केली, फक्त अहो लावून. मी ते गिळलं. जनरीत आहे, सगळ्याच मुली करतात. पण निदान गाडीच्या बाबतीत तरी बाबा एकच राहील असं मी धरून चाललो होतो.

फोन ठेवून मी बायकोला म्हणालो, "तुझ्या व्याह्यांनी माझ्या गाडीला हात लावला."

"गाडी आता तिची आहे," बायको म्हणाली. "आणि व्याही तुमचेही आहेत."

ती गाडी मी जुनीच घेतली होती. आम्ही बदलापूर गावातले, आणि आमचा भाताचा तुकडा बारवी धरणाच्या अंगाला. तिथला शेवटचा चढ लाल मातीचा आहे. पावसाळ्यात साध्या गाड्या त्या चढावर दोन चाकं फिरवत जागच्या जागी चिखल उडवत बसतात. हिची चारही चाकं ओढतात. इंजिनाचा जोर पुढून मागे न्यायला पोटाखालून एक लांब दांडा जातो आणि मागच्या दोन चाकांच्या मधोमध दातेरी चाकांचा तेलाने भरलेला बंद डबा असतो, त्यालाच हाउसिंग म्हणायचं. तिला बघून आमच्याकडचे मेकॅनिक एकतर "काका, ये अपने बस का नहीं" म्हणायचे, किंवा नुसतं "हो जाएगा" म्हणायचे, ते जास्त धोक्याचं. बंद पडली तेव्हा एक जण पुढची चाकं उचलून तिला ओढून न्यायला निघाला होता. चारही चाकं एकमेकांना जोडलेली असताना मागची दोन रस्त्यावर फरपटत नेली तर आतला सगळा पसारा जळतो. मी त्याच्या क्रेनपुढे आडवा उभा राहिलो. न्यायची तर चारही चाकं उचलून, नाहीतर राहू दे इथेच. त्या दिवसापासून तिचं सगळं मी स्वतःच करायला लागलो. सामान उल्हासनगरच्या कॅम्प चारमधून आणायचं, गाडी अंगणात घ्यायची, चाकांना दगड लावायचे, जॅकवर कधीच विश्वास ठेवायचा नाही, खाली लोखंडी स्टँड द्यायचे आणि मग आत सरकायचं.

आणि बॅटरी धरायला लेक. शाळेचा फ्रॉक बदलायच्या आधी ती गाडीशेजारी पालथी पडलेली असायची. मी आतून ओरडायचो, "उजेड माझ्या तोंडावर नको, कामावर धर." ती म्हणायची, "तुझं तोंडच कामात येतंय, मी काय करू?" तिला मी अक्षरं शिकवली नाहीत, ते तिच्या आईचं खातं. मी तिला हे शिकवलं की हाउसिंगला दोन बोल्ट असतात, तेल भरायचा वरचा आणि काढायचा खालचा. आधी वरचा सोडून बघायचा. खालचा आधी सोडलास, तेल सगळं वाहून गेलं, आणि वरचा गंजून बसलेला निघाला, तर भरशील कुठून? गाडी जागेवरच मेली. हे तिच्या इतकं डोक्यात बसलं की बारावीनंतर गुरांची डॉक्टर व्हायचं म्हणाली तेव्हा आधी आठवडाभर एका डॉक्टरच्या मागे गोठ्यांतून फिरून आली. का, तर म्हणे, "वरचा बोल्ट सुटतो का बघते."

ती डॉक्टर झाली. बारवीकडच्या पाड्यांवर तिची फिरती सुरू झाली. तोवर माझ्या गुडघ्यांनी संप पुकारला होता. गाडीखाली सरकता यायचं, बाहेर यायला दोन माणसं लागायची. पहिल्या दिवाळसणाला जावयाला अंगठी दिली आणि लेकीच्या हातावर गाडीची चावी ठेवली. जावई चांगला मुलगा आहे, पण गाडीत गाणी कुठून लावायची एवढंच त्याला कळतं. म्हणजे गाडी गेली तरी विचारायला ती माझ्याकडेच येणार, हा माझा हिशोब होता. हिशोबात व्याही धरायचे राहिले.

व्याही अंबरनाथच्या एका कारखान्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. उंच, नीटनेटके, घरातही इस्त्रीचा शर्ट. त्यांच्या बंगलीच्या पार्किंगमध्ये भिंतीवर एक फळी आहे. फळीवर प्रत्येक पान्याची आकृती रंगवलेली आणि त्या आकृतीत तोच पाना टांगलेला. एक पाना मखमलीच्या डबीत असतो. बोल्ट किती आवळायचा ते त्यावर आधी लावून ठेवायचं, तेवढा आवळला गेला की तो टक् असा आवाज करतो. माझ्याकडे त्या जागी माझं कोपर आहे. पहिल्यांदा ती फळी पाहिली तेव्हा मी तोंडभरून कौतुक केलं आणि आतून जळलो. घरी येऊन माझ्या पान्यांची गोणी बघवेना.

त्या फोननंतरच्या दसऱ्याला आम्ही त्यांच्याकडे सोनं द्यायला गेलो होतो. व्याह्यांनी गाडी धुऊन पुसून चकाचक केली होती. हार घातला, हळदकुंकू लावलं, आणि पुढच्या दोन चाकांखाली दोन लिंबं ठेवली. मी म्हणालो, "चार लागतील. हिची चारही ओढतात." सगळे हसले. विहीणबाई आणखी दोन लिंबं आणायला आत गेल्या. व्याहीही हसले, पण त्यांचे कान लाल झालेले मी पाहिले. मला बरं वाटलं. आमच्या घरातलं शास्त्र होतं ते, चार लिंबांचं. लेक लहान असताना चारही चाकांखाली लिंबं ठेवायचं काम तिचं असायचं. आता ती शेजारी उभी राहून म्हणत होती, "अहो बाबा, तुम्ही बसा, मी ठेवते." तो अहो ऐकून बरं वाटणं तिथेच आटपलं.

दिवाळी झाली आणि फोन कमी झाले. पूर्वी फिरतीवरून परतताना ती मला फोन करायची, आज कुठून आवाज आला, ब्रेक कसा लागला, सगळं सांगायची. आता विचारलं तर "ठीक आहे, बाबांनी बघितलं" एवढंच. ते वाक्य ऐकलं की माझ्या पोटात दुखायचं, अगदी खरंखुरं, ओवा खाल्ल्याने न थांबणारं. बायको म्हणाली, "मुलगी सुखात आहे, सासरा लेकीसारखं करतो, देवाला नारळ फोडा. तुम्ही तोंड पाडून काय बसता?" तिचं बरोबर होतं. बरोबर असलेलं ऐकून मला जास्त राग येतो.

मग एका शनिवारी बायकोनेच बातमी आणली. खडीच्या रस्त्यावर गाडीचा टायर फाटला होता. व्याह्यांनी पुढचे दोन टायर कोरे घालून दिले. आणि आता गाडी आखडते. वळवताना मागून कुणी धरून ठेवल्यासारखी वाटते, खालून घूं घूं आवाज येतो.

"दोनच घातले?" मी विचारलं.

"हो. का?"

मी ताडकन उठलो. गुडघ्यांना कळायच्या आत उठलो. चारही चाकं ओढणाऱ्या गाडीत चारही टायर सारखे झिजलेले लागतात. कोरा टायर घेराने मोठा, झिजलेला लहान. लहान चाकाला तेवढ्याच रस्त्यात जास्त गरके मारावे लागतात. आतल्या दात्यांना वाटतं गाडी सतत वळतेच आहे, आणि ते एकमेकांशी भांडत राहतात. तशीच चालवत राहिलं तर हाउसिंग जातं, मधला दांडा जातो, आणि लेक बारवीच्या कुठल्यातरी पाड्यावर अडकून पडते. मला तिची काळजी वाटली. पण खोटं कशाला बोलू, काळजीच्या आधी आनंद झाला. रंगवलेली फळी, मखमलीची डबी, आणि टायर दोन.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी सुतळी खिशात घालून अंबरनाथ गाठलं.

"या, या. अलभ्य लाभ," व्याही दारात म्हणाले. "सूनबाई नाही हो घरात. कुणाची तरी म्हैस अडली आहे, मुलाच्या स्कूटरवरून दोघं गेलेत. गाडी जरा कुरकुरतेय ना."

"असं का," मी म्हणालो, जणू मला काही माहीतच नव्हतं.

विहीणबाईंनी पोहे केले. पोहे खाताना हवा, पाणी, बदलापूरच्या नवीन इमारती, सगळं झालं. विषय निघेना. आमच्यात मुलीच्या बापाने व्याह्यांची चूक काढायची पद्धत नाही. लिंबं मागितली तेव्हा सण होता, हसण्यावारी गेलं. आता सांगायचं तर वाटेल, गाडी दिली म्हणून अजून हक्क दाखवतो. मी चहा संपवला आणि "जरा गाडी बघून येतो" म्हणून पार्किंगमध्ये उतरलो. पुढच्या टायरच्या मधोमध सुतळी गुंडाळली, जिथे टोक भिडलं तिथे गाठ मारली. तीच सुतळी मागच्या टायरला लावली. टोक गाठीच्या दोन बोटं पुढे गेलं.

मान वर केली तर व्याही जिन्याच्या पायरीवर उभे.

"काय मोजताय?"

"काही नाही, सहज."

सुतळी खिशात घालून व्याह्यांच्या घरी सहज टायर मोजायला कुणी येत नाही, हे दोघांनाही कळत होतं. मी सगळं सांगितलं. जमेल तेवढं गोड करून सांगितलं, टायर उत्तमच आहेत, फक्त चारही हवेत, कुणालाही वाटेल की जोडी बदलली म्हणजे झालं. ते खाली येऊन मागच्या टायरजवळ उकिडवे बसले. त्यांना उकिडवं सहज बसता येतं, तेही माझ्या डोळ्यांत खुपलं. त्यांनी सुतळी मागून घेतली, स्वतः लावून बघितली, दोन बोटं पाहिली.

"म्हणजे मी बिघडवली," ते म्हणाले.

हेच ऐकायला मी आलो होतो. ऐकून घेतलं. "छे, छे," असं म्हणायला मी मुद्दाम थोडा उशीर केला.

"तिने सांगितलं होतं हो, थांबा म्हणून," व्याही सुतळी बोटाला गुंडाळत म्हणाले. "म्हणाली, बाबाला विचारून सांगते. मीच म्हटलं, कशाला? एवढं मलाही कळतं. गेलो आणि बसवून घेतले." मग ते माझ्याकडे न बघता पुढे बोलले. "राग मानू नका. पण ह्या घरात सकाळ-संध्याकाळ काय चालतं तुम्हाला कल्पना नाही. बाबा म्हणतो, आधी वरचा बोल्ट सोडायचा. बाबा म्हणतो, जॅकवर विश्वास ठेवायचा नाही. बाबा म्हणतो, ऑइलचा वास घेऊन बघा. ऑइल मी बदललं ना, तेव्हा ती शेजारी उभी राहून तुमचंच सगळं सांगत होती. मी 'बाबा म्हणतात'. तुम्ही 'बाबा म्हणतो'."

मी टायरच्या खाचेतला खडा नखाने काढत राहिलो.

"मुलालासुद्धा मी अहो-जाहोच करायला लावलं," व्याही म्हणाले. "आमच्या वडिलांची शिस्त. आता घरात मला अरे म्हणणारं कुणी नाही. तुम्हाला हेवा वाटायचं काही कारणच नाही, म्हणून सांगतो. मला वाटतो."

गेले कित्येक महिने मी ज्या माणसावर जळत होतो तो टायरजवळ उकिडवा बसून मला सांगत होता की तो माझ्यावर जळतो. मला वाईट वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. पण त्याखाली एक उकळी फुटत होती, ती काही केल्या दाबता येईना. मी म्हणालो, "चला, उरलेले दोन घेऊन येऊ."

आम्ही रिक्षाने कॅम्प चारला गेलो. दुकानदार सिंधी, माझा जुना ओळखीचा. "आओ साईं, बहुत दिन के बाद," म्हणाला आणि व्याह्यांना ओळखून आणखी खूश झाला. त्यांनी दोन टायर त्याच्याकडूनच नेले होते. व्याह्यांनी त्याला विचारलं, दोनच का दिलेस. तो म्हणाला, "आपने बोला जोडी चाहिए. मैंने जोडी दिया." व्याह्यांचे कान पुन्हा लाल झाले, आणि ह्या वेळी मला ते तितकं गोड लागलं नाही. त्याच बनावटीची उरलेली जोडी त्याने माळ्यावरून काढली. एकेक टायर पायाशी घेऊन आम्ही रिक्षात बसलो. दोघांनीही टायरवर हात असा ठेवला होता की बघणाऱ्याला वाटावं, आमचाच आहे.

परतलो तेव्हा लेक आली होती. शेणाचे हात धूत अंगणात उभी. आम्हाला दोघांना एका रिक्षातून टायरसकट उतरताना पाहून तिने नवऱ्याकडे बघितलं, त्याने खांदे उडवले. मग तिने केस बांधले, चाकांना दगड लावले, गाडी जॅकवर घेतली, स्टँड दिले. मागची चाकं काढली, जावयाने कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडून त्यांवर नवे टायर चढवून आणले, ती परत बसवली. मग म्हणाली, "आखडत चालवली आहे, आत काही झिजलंय का बघते. खालच्या बोल्टला चुंबक असतं, त्याला चुरा चिकटला असेल तर कळेल." हे ती सर्वांना सांगत होती, पण ते माझं वाक्य होतं, शब्दही न बदलता. व्याह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी फळीकडे बघितलं.

ती खाली सरकली. आम्ही दोघं गाडीच्या दोन बाजूंना उभे. पार्किंगमध्ये दिवसाही अंधार असतो, आणि खाली तर काहीच दिसत नसणार. तिने खालून पाना मागितला, व्याह्यांनी फळीवरून काढून नेमका तोच दिला. आधी वरचा बोल्ट. तो कुरकुरला, सुटला. मग खालचा. तेल पसरट भांड्यात पडू लागलं. ती बोल्ट डोळ्यांजवळ नेत असावी, कारण पाना फरशीवर ठेवल्याचा आवाज आला. गाडी राहिली की गेली ते त्या बोल्टावर होतं.

"दिसत नाहीये," ती खालून म्हणाली. "बाबा."

दोघंही वाकलो. बॅटरी फळीखालच्या मेजावर होती, व्याह्यांच्या हाताशी. त्यांनी ती उचललीसुद्धा.

"बाबा, बॅटरी धर," ती म्हणाली.

'धरा' नाही म्हणाली. तिला वर कोण उभं आहे, कुणाच्या हातात काय आहे, काही दिसत नव्हतं. ती विचार करून बोलली नव्हती. व्याह्यांचा हात बॅटरीसकट तसाच थांबला. मग त्यांनी गाडीच्या टपावरून ती माझ्यापुढे केली. चेहऱ्यावर काही नव्हतं, पण तो चेहरा मला चांगला ओळखीचा होता. कित्येक महिने मी तो आरशात बघत आलो होतो.

मी फरशीवर हात टेकले, एक गुडघा टेकवला, मग दुसरा, आणि आडवा झालो. तेलाचा वास आला. तिच्या कपाळावर काळा पट्टा उमटला होता.

"तोंडावर नको रे उजेड," ती म्हणाली, "कामावर धर."

बोल्टाच्या टोकाला काजळासारखा चिकट थर होता. चुरा नव्हता. दाते शाबूत होते. "वाचली," ती म्हणाली आणि हसली. मी वर सांगितलं, "वाचली हो." वरून व्याह्यांचा मोठा सुस्कारा ऐकू आला.

ती नवं तेल भरायला लागली. त्याला वेळ लागतो, नळीतून थेंबथेंब जातं. माझे गुडघे बोंब मारायला लागले, कंबर धरली, आणि उजेड हलायला लागला. पलीकडच्या बाजूने व्याही खाली बसले. गाडीखालून त्यांचा चेहरा मला दिसला, आडवा, इस्त्रीच्या कॉलरसकट.

"द्या इकडे," ते हळूच म्हणाले. "तुम्हाला त्रास होतोय. मी धरतो थोडा वेळ."

ते अगदी मनापासून म्हणत होते. हात पुढे केला होता, मला सहज पोचला असता. द्यायला हवी होती.

"राहू द्या," मी म्हणालो, आणि दुसऱ्या हाताने मनगट घट्ट धरून उजेड कामावर ठेवला.